माहितीचे कोठार आणि त्याचा वेग

कोठार मोठे असले म्हणजे त्यातून धान्याची पायली लवकर काढता येते, असे कोणी म्हटले तर आपणांस हसू येईल. परंतु लॅपटॉपमधील माहितीच्या कोठारास हा चमत्कारिक नियम पुष्कळ अंशी लागू पडतो. एकाच जातीच्या दोन संचयकांपैकी अधिक क्षमतेचा संचयक बहुधा अधिक वेगवानही असतो. शाळेसाठी किंवा ग्रंथालयासाठी यंत्र घेणाऱ्याने यामागील कारण जाणून घेणे इष्ट होय. कारण पुष्कळ नव्या लॅपटॉपांत हा संचयक मुख्य फलकावर डाख देऊन कायमचा बसविलेला असतो, आणि खरेदीनंतर तो बदलता येत नाही.

१९५६ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या चकती-संचयकात पन्नास चकत्या फिरत असत आणि सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत असत. आजच्या लॅपटॉपमधील संचयकात, म्हणजे एसएसडीत, फिरणारे असे काहीच नाही. त्यात फ्लॅश स्मृतीच्या चिपा असतात. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली जगापुढे मांडलेल्या नँड जातीच्या या स्मृतीत, सूक्ष्म कोशांमध्ये विद्युत्भार कोंडून माहिती राखली जाते. माहिती वाचण्यास एका चिपेला काही दशक मायक्रोसेकंद लागतात. लिहिण्यास त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. एकटी चिप, खरे पाहता, मंदच म्हणावयाची.

मग वेग येतो कोठून? विहिरीवर एकच मोट चालू असेल, तर ती वर येऊन थारोळ्यात रिती होईपर्यंत पाट कोरडा राहतो. त्याच विहिरीवर चार मोटा पाळीपाळीने ओढल्या, तर प्रत्येक मोटेची चाल तीच असूनही पाटाचे पाणी खंडत नाही. एसएसडीतील नियंत्रक नेमके हेच करतो. मोठ्या फाइलीचे तुकडे करून तो अनेक चिपांवर एकाच वेळी वाटून देतो. क्षमता वाढली की चिपा वाढतात, आणि चिपा वाढल्या की मोटा वाढतात. अर्थात पाटाच्या रुंदीलाही मर्यादा आहे. नियंत्रकाचे मार्ग भरून गेल्यावर आणखी चिपा जोडून वेग फारसा वाढत नाही.

येथे प्रगतीच आडवी येते. चिपा जसजशा दाट होत गेल्या, तसतशा त्या थोड्या संख्येत पुरू लागल्या. २५६ गिगाबाइटांसाठी ३२ गिगाबाइटांचे आठ तुकडे लागत, तेथे १२८ गिगाबाइटांचे दोनच पुरतात. ॲपल कंपनीच्या २०२० सालच्या एम१ मॅकबुक एअरच्या २५६ गिगाबाइटी प्रकारात दोन चिपा होत्या. २०२२ सालच्या एम२ प्रकारात एकच आली. परिणामी, परीक्षकांनी मोजलेला वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे २९०० मेगाबाइटांवरून सुमारे १४५० वर उतरला. नवे यंत्र जुन्याहून या बाबतीत निम्म्याने मंद! २०२४ सालच्या एम३ प्रकारात पुन्हा दोन चिपा घालण्यात आल्या.

लेखनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आजकाल एका कोशात तीन किंवा चार बिट कोंबतात. त्यासाठी विद्युत्भाराच्या अनुक्रमे ८ किंवा १६ पातळ्या अचूक साधाव्या लागतात, आणि हे काम सावकाशीचे. म्हणून काही कोशांत तूर्त एकेकच बिट भराभर लिहून घेतात व सवडीने ते इतरत्र नीट लावतात. लहान संचयकात हे अंगण लहान, आणि संचयक भरत आला की बहुधा आणखीच आकसते. जुन्या अंकांची छायाचित्रे शेकड्यांनी उतरवून घेणाऱ्या ग्रंथालयास हा फरक जाणवेल. पत्रे लिहिणाऱ्यास तो सहसा जाणवणार नाही, कारण लहानशा फाइलीस एकच मोट पुरते. मात्र यंत्राची कार्यस्मृती तोकडी असली, तर तिच्यातील ओसंडलेली माहिती याच संचयकात ठेवली जाते, आणि तेव्हा साध्या कामातही खोळंबा होतो.

ही तुलना एकाच जातीच्या संचयकांपुरती खरी आहे, हे विसरू नये. चांगल्या बनावटीचा ५१२ गिगाबाइटांचा संचयक हलक्या प्रतीच्या एक टेराबाइटी संचयकास सहज मागे टाकील. जाहिरातीतील वेगाच्या आकड्यापुढे ‘पर्यंत’ हा शब्द असतो, आणि तो आकडा बहुधा मोठ्या क्षमतेच्या प्रकाराचा असतो. स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या संचयकांच्या माहितीपत्रकात प्रत्येक क्षमतेसाठी वाचनाचा व लेखनाचा वेग पुष्कळदा निरनिराळा दिलेला असतो. आपण घेणार त्याच क्षमतेची ओळ तेथे पाहावी.