रेंडरमधलं ऊन कुठून येतं?

शनिवारी सकाळी सात वाजता ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ऐरोलीत आयटीत आहे आणि सध्या तिच्या डोक्यात एकच किडा वळवळतोय : कर्जतला सेकंड होम! फोनच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र येऊन पडलं होतं. पांढराशुभ्र बंगला, समोर लॉन, मागे निळसर डोंगर, गॅलरीत सोनेरी ऊन आणि बाबागाडी ढकलत निघालेली एक गोरीपान बाई. खाली ओळ, ‘गुलाबी थंडीतली सकाळ’.

‘‘कसलं सही आहे ना? सोमवारी टोकन देतोय आम्ही. एक लाख.’’

‘‘जागा बघितलीस?’’

‘‘बघितली ना. जुलैत काय दिसणार, सगळं ढगात. पण चित्र बघ ना!’’

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब. माझा एक मित्र अशीच चित्रं बनवून पोट भरतो, आणि तोही कर्जतलाच.

कट टू कर्जत. दादरहून फास्ट लोकल पकडली तरी पावणेदोन-दोन तास जातात. स्टेशनवरचा बटाटेवडा खाल्ल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, हा माझा नियम. मित्राचं ऑफिस दहिवलीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत आई-बाबा, दुसरीत तो आणि त्याचं मशीन. पूर्वी तो लोअर परळच्या एका स्टुडिओत होता. लॉकडाऊनमध्ये घरी आला तो परत गेलाच नाही. मुंबईचं जे घरभाडं वाचलं, त्यातून ग्राफिक्स कार्ड आलं. आर्किटेक्ट मुंबई-पुण्याहून मॉडेल पाठवतो आणि हा त्यात ऊन, काच, लाकूड, झाडं, माणसं भरून फोटोसारखं चित्र परत पाठवतो. यालाच रेंडर म्हणायचं.

मी मोठ्या उत्साहात विचारलं, सगळ्यात भारी सॉफ्टवेअर कुठलं? तो असा हसला, जसं काही मी विचारलं होतं की सगळ्यात भारी वाहन कुठलं. मग म्हणाला, ‘‘बस, दाखवतो.’’

एका छोट्या घराचं मॉडेल त्याच्याकडे होतं. तीच खोली, तीच खिडकी, तोच सोफा. आधी व्ही-रे. बल्गेरियातल्या सोफिया शहरात सुरू झालेली केऑस ही कंपनी ते बनवते आणि या धंद्यातलं ते जुनंजाणतं नाव आहे. याचा फंडा असा की प्रकाशाचे किरण खरोखर कसे फिरतील ते मोजायचं. खिडकीतून आलेला किरण फरशीवर आपटतो, तिथला थोडा रंग घेऊन भिंतीवर जातो, तिथून छतावर. लाल गालिचा असेल तर पांढऱ्या भिंतीला लालसर झाक येते, ती यामुळे. जेम्स काजिया यांनी यामागचं समीकरण १९८६ सालीच मांडलं होतं. समीकरण एका ओळीचं आहे, पण सोडवायला मशीनचा घाम निघतो. सुरुवातीला चित्र खराब सिग्नलच्या टीव्हीसारखं मुंग्या-मुंग्यांचं दिसतं आणि मग हळूहळू निवळतं.

आमचं निवळत निवळत नव्वद टक्क्यांवर आलं... आणि लाईट गेली. कर्जत, जुलै, आणखी काय सांगू? यूपीएसने पाच मिनिटं साथ दिली आणि मान टाकली. अर्धवट रेंडर पुढे चालू करायची सोय व्ही-रेमध्ये आहे, पण साहेब ती टिक करायला विसरले होते. तासभर पाण्यात. त्याच्या आईने चहा आणला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘हे रोजचंच आहे गं.’’

लाईट आल्यावर ट्विनमोशन. २०१९ मध्ये हे एपिक गेम्सने विकत घेतलं. एपिक म्हणजे फोर्टनाइटवाले. बोलीभाषेत सांगायचं तर हे व्हिडिओ गेमच आहे, फक्त बंदूक नाही. घरात चालत फिरायचं, सोफा उचलून तिकडे ठेवायचा, सूर्य सरकवायचा. सगळं डोळ्यांसमोर, लगेच. तो खेळतो तेवढ्यात मी चित्र कसं झालंय ते बघत होते. कोपऱ्यातला काळोख थोडा खोटा वाटत होता, आणि काचेतलं प्रतिबिंब जरा जास्तच चकचकीत. त्याने किरण मोजणारा मोड चालू केला, काही मिनिटं घेतली आणि फरक बराच भरून निघाला. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी कमावणाऱ्यांना हे फुकट आहे. म्हणजे तुम्ही-आम्ही सगळेच आलो!

बाकीच्यांबद्दल त्याची मतं ठाम आहेत. हॉलंडचं ल्युमिऑन २०१० पासून बाजारात आहे. झाडं, गवत, पाऊस यासाठी बेस्ट, पण खिसा आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जड हवेत. एन्स्केप स्केचअपच्या आतच चालतं, त्यामुळे क्लायंट समोर बसलेला असताना भिंत हलवून दाखवता येते. २०२२ मध्ये ही कंपनी केऑसमध्ये विलीन झाली. कोरोना (हो, नाव तेच आहे, आजाराच्या कितीतरी आधीपासून) प्रागमध्ये जन्मलं आणि तेही २०१७ पासून केऑसचं. ते ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरवर चालतं, म्हणून महागडं कार्ड नसलेल्या, पण इंटिरियर करणाऱ्या पोरांना तो हेच सुचवतो. चिनी डी-फाइव्हची फुकट आवृत्ती झकास आहे, पण आरटीएक्स जातीचं कार्ड नसेल तर तिकडे फिरकू नका.

माझं स्वतःचं मन मात्र ब्लेंडरवर बसलं. याची कंपनी बुडाली होती. मग २००२ मध्ये जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून एक लाख युरो जमवले, सोर्स कोड सोडवला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आपली गणपतीची वर्गणी कधी इतकी सत्कारणी लागलीये? शिकायला मात्र कठीण. मित्राला सहा महिने लागले, आणि ‘‘अजून लागतायत’’ म्हणाला.

एआयबद्दल विचारलं तर त्याने एका स्केचपासून बनवलेलं चित्र दाखवलं. दिसायला टकाटक. मोजलं तर खिडक्या चारच्या पाच झालेल्या आणि जिना भिंतीत जाऊन थांबलेला.

मग मी ताईचा बंगला उघडला. त्याने दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, ‘‘या बाईला मी ओळखतो.’’

बाबागाडीवाली लायब्ररीतली निघाली. अशी तयार माणसं, झाडं, गाड्या सगळ्यांकडे तीच असतात. ही बाई त्याने पनवेलच्या एका टॉवरसमोरही चालवली होती. मागची झाडं युरोपातली, सूचिपर्णी. कर्जतच्या डोंगरात साग आणि ऐन, पण ते लायब्ररीत सहज मिळत नाहीत आणि एका बंगल्यासाठी कोण बनवत बसणार?

इथवर हसण्यावारी चाललं होतं. मग त्याने ब्रोशरचा शेवटचा पानावरचा नकाशा मोठा केला. उत्तरेचा बाण बघितला. गॅलरी उत्तरेला होती.

‘‘थंडीत इथे ऊन कसं येईल?’’

कर्जत साधारण १९ अक्षांशावर. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो आणि उत्तरेच्या भिंतीला त्याचं थेट तोंड दिसत नाही. तिथे तिरपं ऊन मिळतं ते उन्हाळ्याच्या दिवसांत, सकाळ-संध्याकाळ. जूनमध्येही मिळालं असतं, पण तेव्हा कर्जतला आभाळ कुठे दिसतं! सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये जागा आणि तारीख टाकून खरा सूर्य लावता येतो. इथे कुणीतरी तो हाताने ओढून, जिथे छान दिसेल तिथे ठेवला होता.

पुढचं काम त्याने रेंडर सॉफ्टवेअर न उघडताच केलं. साध्या स्केचअपमध्ये प्लॉटची जागा टाकली, जमिनीचा चढउतार नकाशावरून आत घेतला आणि बंगल्याच्या जागी एक राखाडी ठोकळा ठेवला. प्लॉट माथेरानच्या पायथ्याशी, डोंगर पश्चिमेला. तारीख २१ डिसेंबर. वेळेची पट्टी तो हळूहळू सरकवत गेला. तीन. साडेतीन. सव्वाचारला डोंगराची सावली अंगणात शिरली आणि साडेचारला ठोकळा अख्खा बुडाला. सूर्यास्ताला अजून दीड तास होता.

मी ताईला स्क्रीनचा फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला, ‘‘हे किती बोअर दिसतंय.’’

परत जायला निघताना मी मित्राला छेडलं, तू कधी असा सूर्य ओढलायस का? तो गप्प झाला. मग म्हणाला, सूर्य तर सगळेच ओढतात, मी टॉवर काढलाय. खालापूरकडच्या एका स्कीमच्या चित्रातून हाय टेन्शनचा टॉवर पुसायला सांगितलं होतं, त्याने पुसला. पैसे वेळेवर मिळाले. साइटवर टॉवर आहे तिथेच आहे. आता तो कोटेशनमध्येच लिहितो की साइटवर जे आहे ते चित्रात राहील. त्या एका ओळीपायी दोन क्लायंट गेले.

कायदा खरं तर खरेदीदाराच्या बाजूने आहे. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासकट परत. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केलाय, स्कॅन करा की नोंदणीची माहिती हजर. ताईच्या ब्रोशरवर तो होता. पण कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’ असंही होतं. आणि उन्हावरून भांडायला कोण जाणार?

तसं कर्जतला नकली भिंतींचं वावडं नाही. इथून जवळच चौकला नितीन देसाईंनी २००५ मध्ये एनडी स्टुडिओ उभारला, ‘जोधा अकबर’चा किल्ला तिथलाच. पण तो किल्ला राहायला म्हणून कुणी बुक केला नव्हता.

ताईने सोमवारी टोकन दिलं नाही. रद्दही केलं नाही. भावोजींना डोंगर फारच आवडलाय. रांगेच्या दुसऱ्या टोकाचा, डोंगरापासून लांबचा प्लॉट मिळेल का असं तिने विचारलंय आणि बंगल्याची कॅड फाईल मागितलीये, मित्राकडून खरा सूर्य लावून घ्यायला. तीन आठवडे झाले. सेल्सवाल्याचा रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ येतो, उगवत्या सूर्याच्या फोटोसकट. फाईल आलेली नाही.