लस टोचली आणि इसब झालं: मग ९.४ या आकड्याचं काय करायचं?

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. तिच्या बाळाला दहाव्या आठवड्याची लस दिली आणि पंधरा दिवसांत त्याच्या दोन्ही गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. डॉक्टरांनी इसब, म्हणजे एक्झिमा, असं निदान केलं. शेजारच्या काकूंनी कारणही सांगून टाकलं: "लसीमुळेच झालंय, पुढची देऊ नकोस." आणि हिने चौदाव्या आठवड्याचा डोस खरंच पुढे ढकलला होता. "तू पीएच.डी. करतेस ना? मग सांग, संबंध आहे की नाही?"

मी साथरोगशास्त्रात काम करते, त्वचारोगतज्ज्ञ नाही. पण तिचा प्रश्न त्वचेपेक्षा पुराव्याचा जास्त होता. तुम्ही पेटची किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करत असाल तर हा प्रश्न सरावासाठी फार चांगला आहे. कारण नुसती आकडेवारी पाहिली तर ती एका ठिकाणी चक्क काकूंच्या बाजूने बोलते.

आधी वेळेचा मुद्दा, तो लवकर संपतो. इसब होणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना ते पहिल्या वाढदिवसाच्या आतच सुरू होतं, बऱ्याचदा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. आता आपलं लसीकरण कार्ड काढा: जन्मतः, सहावा, दहावा, चौदावा आठवडा, मग नववा महिना. म्हणजे या वयात काहीही झालं तरी ते कुठल्या ना कुठल्या लसीनंतर काही महिन्यांत झालेलं असणारच. दातसुद्धा लसीनंतरच येतात!

पण म्हणून शंकाच मूर्खपणाची आहे, असं समजू नका. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. मोठी भावंडं जितकी जास्त, तितकं हे फीव्हरचं आणि पहिल्या वर्षातल्या एक्झिमाचं प्रमाण कमी, असं त्यांना दिसलं. यातून पुढे 'स्वच्छतेचं गृहीतक' रुजलं: लहानपणी संसर्ग कमी झाले तर प्रतिकारशक्ती ॲलर्जीकडे झुकते. मग पुढचा प्रश्न ओघानेच आला. लसी संसर्ग टाळतात, तर त्या ॲलर्जी वाढवत असतील का? गृहीतक तपासण्याजोगं होतं, आणि ते तपासलं गेलं.

इथे येतो तो ९.४ चा आकडा. ट्रिशिया मॅकीव्हर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातल्या २९,२३८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माहिती फॅमिली डॉक्टरांच्या संगणकीय नोंदींमधून घेतली होती. घटसर्प, पोलिओ, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची लस घेतलेल्या मुलांमध्ये एक्झिमाचा हॅझर्ड रेशो निघाला ९.४. म्हणजे लस न घेतलेल्यांच्या तुलनेत नऊपट! कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण ६ ते १५. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीसाठी तो आकडा ४.६ होता. नमुना मोठा, आकडा ठणठणीत.

इथेच थांबून पेपर बंद केला असता तर?

मला स्वतःला असा आकडा दिसला की आधी आनंद न होता धास्ती वाटते. नऊपट ही सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पंक्तीत बसणारी गोष्ट आहे. असा परिणाम खरा असता तर लस न घेतलेल्या मुलांत एक्झिमा शोधून सापडायला नको. आकडा अवाढव्य असला की निसर्गाआधी मोजपट्टीवर संशय घ्यावा.

मोजपट्टी काय होती? डॉक्टरांच्या नोंदी. लसीची नोंद दवाखान्यात होते आणि एक्झिमाची नोंदही तिथेच होते. जे मूल दवाखान्यात जातच नाही, त्याच्या खात्यात लसही नाही आणि एक्झिमाही नाही.

हे कागदावर करून पाहा. समजा, लस घेतलेली १०० मुलं आणि न घेतलेली १०० मुलं आहेत (आकडे माझ्या मनातले). दोन्ही गटांत खरोखर इसब असलेली मुलं २०-२०. पहिल्या गटातले पालक डॉक्टरकडे जातात, त्यामुळे २० पैकी १८ नोंदी होतात. दुसऱ्या गटातले जवळपास जात नाहीत, घरीच खोबरेल तेल लावतात. तिथे नोंदी होतात २. अठरा भागिले दोन. आजारात काडीचा फरक नसताना नऊपट 'धोका' तयार झाला.

मॅकीव्हर यांच्या गटाने ही शंका नुसती चर्चेच्या परिच्छेदात मांडून सोडून दिली नाही. मुलं डॉक्टरकडे किती वेळा जातात त्यानुसार त्यांनी मुलांचे गट पाडले आणि प्रत्येक गटात हिशोब पुन्हा केला. लस आणि एक्झिमा यांचं नातं दिसलं ते फक्त दवाखान्यात फार क्वचित जाणाऱ्या मुलांमध्ये. नियमित जाणाऱ्यांमध्ये ते नव्हतं. लस शरीरात काही करत असती, तर डॉक्टरच्या भेटी मोजून ती थांबली नसती.

याला असर्टेनमेंट बायस म्हणतात. मुलाखतीत अनेक जण याला सरसकट कन्फाउंडिंग म्हणून मोकळे होतात. फरक लक्षात ठेवा: कन्फाउंडिंगमध्ये तिसरा घटक आजाराच्या खऱ्या प्रमाणाशीच जोडलेला असतो. इथे दवाखान्यात गेल्याने कुणाला इसब होत नाही; ते फक्त नोंदवहीत उतरतं.

आणि चूक उलट दिशेनेही होऊ शकते. बाळाला इसब झालं म्हणून घाबरून लस लांबवणारे पालक असतात, माझ्या बहिणीसारखे. अशा मुलांची नुसती तुलना केली तर लस न घेतलेल्यांत इसब जास्त दिसेल आणि लस इसबापासून वाचवते असा भास होईल. लसीची बाजू घेणारा म्हणून तो निष्कर्ष आपल्याला गोड वाटतो, पण तोही तितकाच कच्चा.

या दोन्हींतून सुटायचं तर चिठ्ठी टाकून गट पाडावे लागतात. पण मुलांना मुद्दाम लसीविना ठेवणार कोण? भारतात ते शक्यच नाही, नसावंही. स्वीडनमध्ये मात्र एक अपघाती संधी होती. तिथे १९७९ मध्ये डांग्या खोकल्याची लस बंद केली होती, ती १९९६ मध्ये परत आली. मधल्या काळात नव्या लसींच्या चाचण्या झाल्या आणि त्यातल्या ६६९ बाळांवर अडीच वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. काहींना डांग्या खोकल्याच्या वेगवेगळ्या लसी, तर तुलनेच्या गटाला फक्त घटसर्प-धनुर्वाताची लस. ॲलर्जीच्या आजारांच्या एकूण प्रमाणात गटागटांत फरक आढळला नाही. मात्र इथे एक मर्यादा आहे: घटसर्प-धनुर्वाताची लस सगळ्यांनाच मिळाल्यामुळे ही चाचणी फक्त डांग्या खोकल्याच्या भागाबद्दल बोलते.

दुसरी चाचणी डेन्मार्कची. तिथे बीसीजी नेहमीच्या वेळापत्रकात नाही, म्हणून ४,२६२ नवजात बाळांचे चिठ्ठीने दोन गट करता आले. निकाल २०१८ मध्ये आला. तेरा महिन्यांपर्यंत बीसीजी गटात २२.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २५.४ टक्के मुलांना एक्झिमा. रिलेटिव्ह रिस्क ०.९०, इंटरव्हल ०.८० ते १.००. लगेच 'बीसीजीने इसब टळतं' असं लिहू नका. एक्झिमा हा या चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, आणि कोणाला लस मिळाली हे पालकांना ठाऊक होतं. पण इंटरव्हलची वरची कड पाहा: ती १.०० वर थांबते. फायदा किती यावर वाद घाला, पण तोट्याला तिथे फारशी जागा उरत नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. देवीच्या जुन्या लसीत जिवंत विषाणू असे, आणि आधीच इसब असलेल्यांमध्ये तो त्वचेवर पसरून प्रसंगी जिवावर बेतत असे. तिथे लसीने इसब होत नव्हतं, इसबामुळे लस धोक्याची ठरत होती. आपल्या बाळांच्या कार्डावर ती लस आता नाही.

बहिणीला यातलं कॉन्फिडन्स इंटरव्हल वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की इसब त्याला बहुधा तसंही झालं असतं (तिच्या नवऱ्याला दमा आहे, आणि ॲलर्जीचा कल घराण्यात उतरतो), आणि या वयात डांग्या खोकला झाला तर बाळाचा श्वास अडकू शकतो. इसब आहे म्हणून डोस थांबवायचा का, हे डॉक्टरांनाच विचार म्हटलं. त्यांनी नाही म्हणून सांगितलं, आणि मांडीवर चट्टा नसलेली जागा बघून सुई दिली. चौदाव्याचा डोस सतराव्या आठवड्यात झाला. गाल अजून खरखरीत आहेत. दिवसातून दोनदा मलम चालू आहे.