ठिबक बसवणारे पुष्कळ, दुरुस्त करणारे किती?

शेतीतील नवे तंत्र म्हटले की आपल्या बाजारपेठेतील दुकानदार व कारागीर 'हा आपला विषय नव्हे' म्हणून पान उलटतात. मोटार रिवाइंडिंग करणारे, बोअरचे मिस्त्री, पाइप फिटिंगवाले यांनी मात्र आज ते उलटू नये. 'काटेकोर शेती' या भारदस्त नावाचा अर्थ इतकाच की, पाणी, खत आणि औषध पिकाला हवे तेवढे, हवे तेव्हा आणि हव्या त्याच जागी द्यायचे. महाराष्ट्रात या शेतीचे सर्वांत रुळलेले साधन म्हणजे ठिबक, आणि ठिबकला मिस्त्री लागतो.

जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे, सांगोल्याची डाळिंबे या साऱ्यांना आज ठिबक सर्रास आहे. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेच्या 55 टक्के अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना आणि 45 टक्के इतरांना मिळते; राज्य सरकारही वर भर घालते. त्यामुळे संच शेतोशेती पोहोचले. पण बिल निघाल्यावर त्याकडे बघतो कोण? दोन-तीन हंगाम गेले की ओळीच्या टोकाची झाडे सुकू लागतात. शेतकरी मोटारीला दोष देतो, मोटार उपसून आपल्या दुकानी आणतो. वाइंडिंग ठीक निघते. दोष नळीत असतो!

तो शोधायला महागडे यंत्र लागत नाही. ताशी 4 लिटरचा ड्रिपर योग्य दाबाला 6 मिनिटांत 400 मिलिलिटर पाणी देतो. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन ओळीच्या सुरुवातीचे, मधले व टोकाचे ड्रिपर मोजावेत. टोकाला 250च भरले तर खतही तिथे तेवढेच कमी पोहोचते, कारण खत त्याच पाण्यातून जाते. फिल्टरच्या अलीकडचा व पलीकडचा दाब गेजवर पाहावा. सँड फिल्टरमध्ये हा फरक अर्ध्या किलोच्या वर गेला की बॅकवॉश हवाच.

बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरमध्ये पांढरा क्षार बसतो. त्याला आम्लप्रक्रिया करतात. आधी त्याच विहिरीचे पाणी बादलीत घेऊन सामू सुमारे 4 येईपर्यंत आम्ल थोडे थोडे घालावे, म्हणजे प्रमाण कळते. मग त्या प्रमाणात आम्ल नळ्यांत सोडावे, शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोहोचले की संच 24 तास बंद ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी टोकाची झाकणे काढून नळ्या धुवाव्यात. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. शेवाळ झाले असेल तर क्लोरीन वापरतात; पण ते आम्लाबरोबर मुळीच मिसळू नये, विषारी वायू निघतो. पैसे वाचवण्यासाठी पोरांना उघड्या हातांनी हे काम करायला लावणारे मालक आहेत. असा धंदा न केलेला बरा.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसावर उपग्रह, सेन्सर आणि संगणकाच्या साह्याने पाणी-खताचा सल्ला देण्याचे प्रयोग झाले आहेत. त्याची चर्चा खूप होते. परंतु संगणकाने सांगितलेले पाणी शेवटी जाते त्याच तुंबलेल्या ड्रिपरमधून, हे चर्चेत कोणी बोलत नाही. अशा संचांत आपोआप उघडझाप करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतात. त्यांची कॉइल जळते, डायफ्रॅममध्ये रेती अडकते. ज्याचा हात मोटारीवर बसलेला आहे त्याला हे अवघड नाही. जमिनीतील ओल दाखवणारा टेन्शिओमीटर तर त्याहून साधा: चिनी मातीचा कप, पाण्याने भरलेली नळी आणि वर निर्वात गेज. त्यात हवा शिरली की आकडा खोटा येतो. शेतकऱ्याला वाटते यंत्र बिघडले, आणि ते कोपऱ्यात पडून राहते.

फवारणीच्या ड्रोनची हौस तरुणांना फार आहे. त्यासाठी 18 वर्षे पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन मिळालेले रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. भांडवलही मोठे. ठिबकच्या कामाला पाना, गेज, मोजपात्र आणि मोटारसायकल पुरते.

दुकानदारांसाठी एक गोष्ट. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक व तुषार संचांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. सुटा पीव्हीसी पाइप मात्र त्यात धरू नये, त्याचा दर वेगळा आहे. बिल फाडण्यापूर्वी आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे. कारागिरांनी फेरीगणिक पैसे घेण्यापेक्षा एकरी वर्षाचा ठराव करावा आणि तोही लेखी, ज्यात किती वेळा मोजणी, किती वेळा आम्लप्रक्रिया आणि आम्लाचा खर्च कोणाचा हे स्पष्ट असेल. बागाईतदार असे ठराव उन्हाळ्याच्या तोंडाशी नव्हे, तर पाऊस ओसरल्यावर करतात. तेव्हाच त्यांच्याकडे जावे.