वर्षाचा पहिला दिवस मरियेच्या नावे

31 डिसेंबरच्या संध्याकाळी रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात ‘ते देउम’ हे प्राचीन लॅटिन स्तुतिगीत गायले जाते. सरत्या वर्षात जे पदरी पडले त्याचे आभार आधी मानायचे आणि मगच नव्या वर्षाकडे वळायचे, असा हा क्रम. गोव्यात, वसईत, मुंबईच्या गावठाणांतही त्या रात्री चर्चमध्ये गर्दी असते. मिस्सा होते, माणसे एकमेकांना शुभेच्छा देतात आणि मग घरोघरचा जल्लोष सुरू होतो. उजाडतो तो 1 जानेवारी. कॅथलिक दिनदर्शिकेत त्या तारखेपुढे ‘देवमाता पवित्र मरिया’ हा सोहळा लिहिलेला असतो. बिगरख्रिस्ती मराठी वाचकाला नाताळ माहीत असतो, माउंट मेरीची जत्रा माहीत असते. वर्षाचा पहिलाच दिवस एका आईच्या नावे आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

तसे पाहिले तर चर्चचे उपासना-वर्ष जानेवारीत सुरू होतच नाही. नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो, तोच त्याचा वर्षारंभ. 1 जानेवारीशी चर्चचे प्रारंभी वाकडेच होते. रोमन लोक हा दिवस मेजवान्या, भेटी आणि सोंगे घेऊन साजरा करत. ते भेटी वाटतात तर तुम्ही दानधर्म करा, ते पिऊन झिंगतात तर तुम्ही उपवास करा, असे संत ऑगस्टीनने आपल्या श्रोत्यांना बजावले होते. पुढे युरोपातल्या अनेक प्रदेशांनी वर्षारंभच हलवला आणि 25 मार्चला नेला. देवदूताचा निरोप ऐकून मरियेने होकार दिला, त्याच्या स्मरणाचा हा दिवस. फ्लॉरेन्समध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नवे साल याच दिवशी लागत असे, आणि इंग्लंडनेही 1752 सालीच 1 जानेवारी स्वीकारला. फ्लॉरेन्समध्ये आजही 25 मार्चला जुन्या नववर्षाची आठवण म्हणून लोक सांतिस्सिमा अनुन्झियाता या मरियेच्या चर्चकडे जातात. गुढीपाडव्याला वर्ष सुरू करणाऱ्या मराठी माणसाला वसंतातला हा वर्षारंभ मुळीच परका वाटू नये.

‘देवमाता’ या बिरुदासाठी मोठा वाद झाला होता. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख नेस्तोरियस म्हणत होता, की मरियेला ‘ख्रिस्ताची आई’ म्हणावे, ‘देवाची आई’ म्हणू नये. अलेक्झांड्रियाचा सिरिल त्याच्याविरुद्ध उभा राहिला. 431 साली एफेसस येथे धर्मसभा भरली आणि ‘थिओतोकोस’, म्हणजे देवाला जन्म देणारी, हे बिरुद मान्य झाले. त्या रात्री लोकांनी मशाली घेऊन बिशपांना त्यांच्या मुक्कामापर्यंत पोचवले, असे सिरिलने लिहून ठेवले आहे. एफेसस म्हणजे आर्टेमिस देवीचे शहर. त्यामुळे तिथे एका देवीच्या जागी दुसरी बसली, असे अनेकदा सांगितले जाते. हा निष्कर्ष उतावीळ आहे. वादाचा विषय मरियेचा पुत्र होता. जन्मलेले मूल एकाच वेळी खरा देव आणि खरा माणूस असेल, तर त्याच्या आईला देवमाता म्हणणे भागच होते. या निर्णयानंतर पोप तिसरे सिक्स्टस यांच्या काळात रोममध्ये सांता मारिया माज्जोरे ही भव्य बॅसिलिका उभी राहिली. तिच्या कमानीवरची पाचव्या शतकातली मोझाइक चित्रे अजून शाबूत आहेत. पोप फ्रान्सिस प्रत्येक परदेश दौऱ्याआधी आणि नंतर इथल्या मरियेच्या प्रतिमेपुढे जात. एप्रिल 2025 मध्ये त्यांचे दफनही त्यांच्या इच्छेनुसार याच बॅसिलिकात झाले.

सातव्या शतकाच्या सुमारास रोममध्ये 1 जानेवारीला मरियेचा सण पाळला जात होता. पुढे तो मागे पडला आणि येशूच्या सुंतेचा दिवस म्हणून ही तारीख ओळखली जाऊ लागली. 1931 साली, एफेससला दीड हजार वर्षे झाली तेव्हा, पोप अकरावे पायस यांनी मरियेच्या मातृत्वाचा सण 11 ऑक्टोबरला नेमला. तो जानेवारीच्या पहिल्या दिवसावर परत आला तो पोप सहावे पॉल यांच्यामुळे. या माणसाची गोष्ट मुंबईवरून जाते, म्हणून ती सविस्तर सांगायला हवी.

21 नोव्हेंबर 1964 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे तिसरे सत्र संपले, तेव्हा पोप पॉल यांनी मरियेला ‘ख्रिस्तसभेची माता’ म्हणून घोषित केले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, 2 डिसेंबरला, ते मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. निमित्त होते आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेसचे, आणि ओव्हल मैदानावर लाखोंचा समुदाय लोटला होता. याच मुक्कामात त्यांनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केले: शस्त्रांवर उधळल्या जाणाऱ्या पैशातला काही भाग बाजूला काढा आणि त्यातून गरिबांसाठी जागतिक निधी उभारा. 1967 च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसियो’ या परिपत्रकात त्यांनी मुंबईतल्या या मागणीचा मुद्दाम उल्लेख केला. त्याच वर्षी 8 डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, त्यांनी जगाला संदेश पाठवला की नव्या वर्षाचा पहिला दिवस शांततेसाठी राखून ठेवावा. तेव्हा व्हिएतनाम जळत होते. 1 जानेवारी 1968 ला पहिला जागतिक शांती दिन पाळला गेला. 1969 साली उपासनेची दिनदर्शिका सुधारली गेली, आणि 1 जानेवारी 1970 पासून देवमातेचा सोहळा आणि शांती दिन हातात हात घालून येऊ लागले.

हा योग जुळून आला नाही, तो जुळवून आणलेला आहे, आणि त्यातच या सणाचे खरे मोल आहे. 1974 च्या ‘मारियालिस कुल्तुस’ या पत्रात पोप पॉल यांनी 1 जानेवारीचा अर्थ उलगडला आणि मरियेचे चित्रही नव्याने रेखाटले. दारिद्र्य सोसलेली, तान्हे बाळ घेऊन परागंदा झालेली, तरीही खंबीर अशी ही बाई आहे, असे ते सांगतात. अशी आई वर्षाच्या दारात उभी असेल, तर युद्धाने घर सोडावे लागलेल्या बायकांना विसरून कुणाला तिची प्रार्थना करता येणार नाही.

त्या दिवसाची वाचनेही नेमकी आहेत. आधी मोशेच्या काळातला पुरोहितांचा आशीर्वाद, मग संत लूकच्या शुभवर्तमानातला प्रसंग: मेंढपाळ येतात, ऐकलेले सांगतात आणि मरिया ते सारे मनात साठवून ठेवते. आठव्या दिवशी बाळाचे नाव ठेवले जाते. आपल्याकडचे बारसे जरा लवकर उरकावे, तसाच हा घरगुती विधी.

मराठीत मरियेची कथा येऊन चारशे वर्षे झाली. मूळचे इंग्लंडचे, 1579 साली गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात येशूजन्माची आणि मरियेची कथा मराठी पुराणाच्या थाटात येते. त्याआधी सोळाव्या शतकात गोव्यात देवळे पाडली गेली, हेही इतिहासात नोंदलेले आहे, आणि ते बाजूला सारून या भक्तीबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. लोकांनी मात्र नात्याचे धागे जपले. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, आणि तिच्या फेस्ताला हिंदूही मोठ्या संख्येने जातात. वांद्र्याच्या टेकडीवरच्या माउंट मेरीला लोक मोतमावली म्हणतात, तिथेही सप्टेंबरात सर्व धर्मांची माणसे हातापायांच्या, घरांच्या आकाराच्या मेणबत्त्या घेऊन चढतात. आराधना फक्त देवाची, मरियेला विशेष वंदन, ही सीमारेषा चर्चने आखलेली आहे. नवस फेडायला आलेली बाई ती रेषा पाहत नाही आणि कुणी तिला अडवतही नाही. हा मोकळेपणा जपण्याजोगा आहे.

नववर्षाचे हे दिवस गोव्यात 6 जानेवारीपर्यंत रेंगाळतात. कुएली, कासावली आणि आरोशी या तीन गावांतले तीन मुलगे राजांचा पोशाख करून घोड्यावरून निघतात आणि कुएलीच्या टेकडीवरच्या रेमेदिओस मातेच्या कपेलात पोचतात. बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचे फेस्त आणि मरियेची टेकडी इथे एकत्र येतात.

वसईत ही भक्ती मराठीतून चालते. जपमाळ मराठीत, मिस्सा मराठीत, धर्मग्रामाची सूचनापत्रके मराठीत. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ हा मराठी अनुवाद केला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मेणबत्त्या आणि नवसांच्या पलीकडची मरिया ज्याला पाहायची असेल, त्याने त्यात संत लूकचे पहिले दोन अध्याय उघडावेत. भुकेल्यांना अन्न मिळेल आणि सत्ताधीश आसनांवरून खाली येतील, असे गाणारी मुलगी तिथे पहिल्याच अध्यायात भेटते, आणि मेंढपाळांचे बोलणे मनात जपणारी तीच बाई 1 जानेवारीच्या वाचनात.