आइसलंडचे जावई व्हा!

ग्रीन कार्डाच्या रांगेत तुमच्या हुशारीपेक्षा तुमच्या आईचं बाळंतपण कुठे झालं याला जास्त वजन आहे. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते. त्यांतली एकाच देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा दंडक आहे. म्हणजे ९,८००, आणि बायकामुलंही त्यातच मोजायची. १४० कोटींच्या भारताला ९,८०० आणि जेमतेम चार लाखांच्या आइसलंडलाही ९,८००! या हिशेबाने अख्खा आइसलंड ४० वर्षांत अमेरिकेत जाऊन बसेल. आपली रांग मात्र दहा लाखांच्या पुढची. इतर देशांची उरलेली कार्डं अधूनमधून पदरात पडतात, म्हणून ती हलते तरी.

यात पासपोर्ट बदलूनही फायदा नाही. भारतात जन्मून कॅनडाचे नागरिक झालात, तरी उभं राहायचं भारताच्याच रांगेत. उलट वडिलांच्या नोकरीमुळे कुवेतला जन्मलेला चिंचवडचा मुलगा कुवेतच्या खात्यात जातो, आणि तिथे कसली आलीय गर्दी! आणखी एक वाट कायद्यातच ठेवलेली आहे. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म कमी गर्दीच्या देशातला असेल, तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. पत्रिका जुळवताना कुणी जन्मवेळेआधी जन्मदेश विचारला, तर राग मानू नका.

रांग कुठवर आली, हे दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये कळतं. न्यू जर्सीतल्या देशी मंडळींत ‘डेट किती सरकली?’ हा प्रश्न हवापाण्याइतकाच नेमाने निघतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘ईबी-टू’ या उच्चशिक्षितांच्या वर्गात भारतीयांची तारीख १ जानेवारी २०१३ वर अडली होती. म्हणजे त्याआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर लागत होता. अर्ज केला तेव्हा बालवाडीत असलेलं पोर आता मिसरूड फुटलेलं. ते २१ वर्षांचं झालं, की बहुधा आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं.

ही झाली पुढची रांग. तिच्याआधी एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाची. वर्षाला ६५ हजार, वर अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. विद्यापीठांना ही मर्यादा नाही, त्यामुळे प्राध्यापक मंडळी निवांत. मंजूर अर्जांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीयांचे असतात. मागणी मर्यादेहून कितीतरी जास्त, म्हणून लॉटरी. २०२३ च्या लॉटरीत साडेसात लाखांवर पात्र नोंदण्या आल्या. त्यांतल्या चार लाखांहून अधिक एकाच माणसाच्या नावाने अनेक कंपन्यांनी केलेल्या होत्या. नोंदणीची फी होती अवघी दहा डॉलर, मग काय! पुढल्या वर्षी ‘एक माणूस, एक चिठ्ठी’ असा नियम आला आणि पात्र नोंदण्यांचा आकडा पावणेपाच लाखांच्या आत आला. मार्च २०२५ पासून फीसुद्धा २१५ डॉलर झाली.

एच-वन-बी म्हणजे सॉफ्टवेअरवाले, हा आपला समज. त्यात नामवंत फॅशन मॉडेल्सचाही वर्ग आहे आणि मेलानिया ट्रम्प नव्वदच्या दशकात याच व्हिसावर काम करत होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लादणाऱ्या आदेशावर सही केली, ती त्यांच्याच यजमानांनी.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने डॉक्टरकी शिकायला निघाल्या, तेव्हा अमेरिकेला जाण्यासाठी व्हिसा लागत नव्हता. अडथळे होते ते घरचे आणि समाजाचे. चिनी मजुरांसाठी मात्र अमेरिकेने आदल्याच वर्षी कायदा करून दार लावून घेतलं होतं.

नागरिकत्वाची तऱ्हा तर और. बाहेरून आलेल्यांत ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच मिळे, पण गोरा कोण? मुंबईचे पारशी कापूस व्यापारी भिकाजी बलसारा १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टात ‘गोरे’ ठरले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेले भगतसिंग थिंद १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ‘गोरे नाहीत’ असे ठरले. पुढे १९४६ मध्ये कृपा झाली आणि अख्ख्या हिंदुस्थानला अमेरिकेत स्थायिक व्हायला वर्षाला शंभर जागा मिळाल्या. एवढ्यांनी एक चाळसुद्धा भरणार नाही. खरं दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही करताना अध्यक्ष जॉन्सन यांनी हा काही क्रांतिकारी कायदा नसल्याचं सांगितलं होतं! आज तिथे भारतीय वंशाचे पन्नास लाखांच्या आसपास लोक आहेत. २०२३-२४ मध्ये तर विद्यार्थ्यांच्या संख्येतही आपण चीनला मागे टाकलं: ३ लाख ३१ हजारांहून अधिक.

माणसाच्या हाती काही उरत नाही, तेव्हा देव. हैदराबादजवळच्या चिलकूरचा बालाजी ‘व्हिसा बालाजी’ म्हणूनच ओळखला जातो. मागणं मागताना ११ प्रदक्षिणा, काम झालं की १०८. लॉटरीपेक्षा इथले नियम स्पष्ट आहेत.

आणि नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांनो, पासपोर्टवरचा दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची मुभा नव्हे. मुक्काम ठरतो तिथल्या विमानतळावर आणि तो बहुधा सहा महिन्यांचाच असतो. उतरल्यावर मुलाला ‘आय-९४’ ची ऑनलाइन नोंद उघडून मुक्कामाची शेवटची तारीख पाहायला सांगा आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं ठेवा.