वाढीदिढी आणि लॉगचे कोष्टक

आंबा नदीच्या काठी वसलेल्या नागोठण्याच्या आसपासचा मुलूख पूर्वापार भाताचा. १९८१ साली ज्याचे नाव रायगड झाले, त्या कुलाबा जिल्ह्यातील शेतकऱ्याला ‘वाढीदिढी’ या शब्दाचा अर्थ कोणी शिकवावा लागत नसे. पावसाळ्याच्या तोंडी कणगी रिकामी झाली की खोताकडून वा सावकाराकडून भात उचलावयाचे आणि सुगीत ते सव्वापटीने किंवा दीडपटीने फेडावयाचे. पहिलीस सवाई म्हणत, दुसरीस दिढी. एका सालापुरता हा व्यवहार महाग खरा, पण समजण्यासारखा. घोटाळा होई तो पीक बुडून बाकी पुढील साली ओढली गेली म्हणजे.

एक खंडी, म्हणजे २० मण, भात दिढीने घेतले आणि ते फिटलेच नाही असे समजा. पहिल्या सुगीस देणे ३० मण, दुसरीस ४५, तिसरीस साडेसदुसष्ट आणि चौथीस १०१ मणांहून अधिक. कर्जदार मनाशी दरसाल दहा मणांची भर धरतो. त्याच्या मते चार वर्षांचे देणे ६० मण. तो बेरीज करीत असतो, वही गुणाकार करीत असते. जितकी वर्षे, तितक्या वेळा दीडाने गुणणे, यालाच गणिती घातांकी वाढ म्हणतात. आपल्या भाषेत तिला चक्रवाढ हे अधिक बोलके नाव आधीपासूनच आहे.

आता प्रश्न उलटा करू. देणे पाचपट केव्हा होईल? हा प्रश्न पोरखेळ नव्हे. मनुस्मृतीने पैशाच्या कर्जाला दुपटीची आणि धान्याला पाचपटीची मर्यादा घातलेली आहे. येथे गुणाकार निरुपयोगी ठरतो, कारण शोधावयाचा आहे तो खुद्द घातांक. तो काढून देणारे साधन म्हणजे लॉगॅरिथम. पाचाचा लॉग ०.६९९०, दीडाचा ०.१७६१, भागाकार ३.९७. चौथी सुगी हाती येते न येते तोच मर्यादा गाठली जाते! दामदुपटीचे तत्त्व पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यातही आले: मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा न्यायालयाने देऊ नये. याच जिल्ह्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षे संप चालविला, तो खोतीच्या जाचाविरुद्ध. त्यांना लॉग ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वहीतला आकडा कसा फुगतो हे मात्र त्या पिढीने पाहिले होते.

जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिथम जगापुढे मांडले ते मोठमोठ्या गुणाकारांचे श्रम वाचविण्यासाठी. आमच्या शाळांनी त्यातले श्रम वाचविणेच तेवढे उचलले. विद्यार्थी कोष्टकात बोट फिरवून उत्तर काढी, पण कशासाठी, हे त्याला कोणी सांगत नसे. गणकयंत्र आल्यावर कोष्टक गेले आणि त्याबरोबर तो प्रश्नही गेला, हे अधिक वाईट झाले. कोयनेचा १९६७ चा किंवा किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्या मापाने सांगितला जातो तेही लॉगचेच माप आहे. त्यात एका अंकाची वाढ म्हणजे भूकंपाची शक्ती सुमारे ३२ पट. पाच आणि सहा हे आकडे शेजारी शेजारी आहेत म्हणून निर्धास्त होणारे सुशिक्षित आपण पाहतोच.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. आता पगारदार माणसाच्या खिशात क्रेडिट कार्ड असते आणि थकलेल्या रकमेवर, समजा, दरमहा ३ टक्के या दराने आकारणी होते. बारा त्रिक छत्तीस, असे म्हणून आपला कारकून कागद बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात वर्षाचा आकडा साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातो. काहीच न भरता रक्कम तशीच राहू दिली, तर ती दुप्पट केव्हा होईल, हे जुन्या कोष्टकावरूनही काढता येते: दोनाचा लॉग ०.३०१०, १.०३ चा ०.०१२८, उत्तर सुमारे साडेतेवीस महिने.