घालमेल

मंडळी, मी मानसशास्त्रातला नाही, साधा सॉफ्टवेअर इंजिनियर. यंदाचा निधी मानसिक आरोग्याच्या कामासाठी आहे, तेव्हा "तू स्वतः जाऊन आला आहेस, तूच लिही" असं म्हणत समितीने हे काम माझ्या गळ्यात घातलं!

झालं असं, की दर सोमवारी मीटिंगआधी माझे हात गार पडायला लागले, झोप उडाली. आई फोनवर म्हणाली, "टेन्शन घेऊ नकोस रे, होईल सगळं ठीक." प्रेमानेच म्हणाली, पण नुसतं म्हटल्याने टेन्शन गेलं असतं तर काय हवं होतं! थेरपिस्ट बाईंनी उलटंच विचारलं: शरीरात नेमकं कुठे काय होतं? जर्मनमध्ये मला "स्ट्रेस" यापलीकडे काही सांगता येईना. त्या म्हणाल्या, तुमच्या भाषेत सांगा, मला नाही कळलं तरी चालेल. तोंडून आलं, "छातीत घालमेल होते"... आणि डोळे भरून आले.

ही भावनाकेंद्रित उपचारपद्धती, म्हणजे इमोशन-फोकस्ड थेरपी. १९८० च्या दशकात कॅनडात लेस्ली ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ती विकसित केली. (चेहऱ्यावर बोटांनी टिचक्या मारतात त्या प्रकारालाही 'ई.एफ.टी.' म्हणतात, तो वेगळा.) कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे अल्बर्ट एलिस यांची आर.ई.बी.टी. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिथे विचाराची उलटतपासणी होते: 'सगळ्यांनी मला हुशारच म्हटलं पाहिजे' हा हट्ट कशासाठी? इथे आधी भावनेत उतरायचं, कारण वर दिसणारी भावना अनेकदा दुसऱ्या भावनेवरचं झाकण असते. आमच्या धंद्यात नाही का, स्क्रीनवर एरर एक दिसतो आणि मूळ बिघाड भलतीकडेच असतो!

तो शोधायला दोन खुर्च्या असतात. एकीत बसून मी स्वतःलाच घाबरवायचं: "चुकशील, सगळे हसतील." मग उठून समोरच्या खुर्चीत बसायचं आणि हे ऐकताना काय वाटलं ते सांगायचं. पहिल्यांदा मला हसूच आलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, भीतीखाली लाज आहे, पार शाळेपासूनची. ही लाज युक्तिवादाने जात नाही, तिला दुसरी भावनाच हलवते: स्वतःविषयीची माया, किंवा 'माझ्याशी असं बोलायचं नाही' हा रास्त राग. खुर्चीचं हे तंत्र गाजवणारे फ्रिट्झ पर्ल्स इथलेच, १८९३ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेले. नाझींमुळे १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

आपल्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलं "निक्स" म्हणून दार आपटतात, तेव्हा दिसतो तो राग. खाली बऱ्याचदा धास्ती किंवा एकटेपण असतं. आपण लगेच उपाय सांगतो: टाइमटेबल कर, मोबाइल बंद कर. त्याआधी "उद्याच्या परीक्षेची धाकधूक वाटतेय का?" एवढंच विचारून गप्प बसून पाहा. फार अवघड जातं! त्यात भाषेची अडचण. हुरहुर, रुखरुख, काहूर हे शब्द आपल्या मुलांनी ऐकलेलेच नसतात, आणि त्यांचे जर्मन शब्द आपल्यापर्यंत पोचत नाहीत.

हे काही रामबाण औषध नाही. चिंतेच्या विकारांवर सर्वाधिक संशोधन वर्तनोपचाराचं झालं आहे. क्रांकेनकासेच्या मान्य पद्धतींतही ही स्वतंत्रपणे नाही. वर्तनोपचार वगैरे करणारे काही थेरपिस्ट ती सोबत वापरतात, माझ्या बाई त्यातल्याच. त्यामुळे पहिल्या भेटीतच विचारावं. ही भेट, 'श्प्रेखश्टुंडे', २०१७ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेता येते. वेळ मिळत नसेल तर ११६११७ ला फोन करावा. पुढच्या उपचारासाठी मात्र महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं. मुलांना नाव न सांगता बोलायचं असेल तर ११६१११ हा मोफत नंबर आहे. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर वाट न बघता ११२.

माझ्या बाई आता जर्मनमधल्या वाक्याच्या मध्येच विचारतात, "घालमेल?" उच्चार अजून जमत नाही त्यांना.